बाजार खुला, दुकान एकच!

(रेडिओवरून झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

कळव्यात राहणाऱ्या माणसाला टूथपेस्ट निवडता येते, चहा निवडता येतो, नंबर तोच ठेवून मोबाइलची कंपनीही बदलता येते. पण घरातला दिवा कोणाच्या विजेवर लावायचा, हे मात्र त्याला ठरवता येत नाही. २९ फेब्रुवारी २०२०पर्यंत त्याच्याकडे बिल वसुलीला महावितरण येत होती. १ मार्च २०२० रोजी शीळ, मुंब्रा आणि कळवा हा भाग टोरेंट पॉवर या खासगी कंपनीकडे वीस वर्षांसाठी गेला. विरोध झाला, मोर्चे निघाले, सभांमधून बरीच भाषणे झाली. बदल व्हायचा तो झालाच. खारीगावच्या सोसायटीतला पेन्शनर असो की वाघोबानगरच्या चढावरचा भाडेकरू, कोणी त्याला विचारले नव्हते की बाबा रे, तुला कोणती कंपनी हवी.

आता गंमत पाहा. हा बदल ज्या विचारसरणीतून झाला तिचे नाव 'खुले आर्थिक धोरण'. खासगी कंपनी आली की स्पर्धा येते, स्पर्धा आली की ग्राहक राजा होतो, असे आपण १९९१पासून ऐकत आलो. इथे खासगी कंपनी आली, पण दुकान आधीही एकच होते आणि आताही एकच आहे. मग याला खुला बाजार म्हणायचे की मक्तेदारी? मी कळव्यातच राहतो आणि बरीच वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले आहे. त्यामुळे हा प्रश्न मला वर्गात विचारला गेला तसा भाजीच्या रांगेतही विचारला गेला. भाजीच्या रांगेतला प्रश्न जास्त अवघड होता, कारण तिथे पाठ्यपुस्तकातले उत्तर चालत नाही.

सुरुवात शब्दापासूनच करू. मक्तेदारी हा आपला जुना शब्द आहे आणि तो इंग्रजी 'मोनोपॉली'पेक्षा जास्त बोलका आहे. मक्ता म्हणजे ठरावीक रक्कम सरकारात भरून एखादे उत्पन्न वसूल करण्याचा हक्क. बाजाराचा मक्ता असे, तरीचा मक्ता असे, दारूचा मक्ता असे. जो जास्त बोली लावील त्याला मक्ता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात तर मामलतीच अशा बोलीने दिल्या जाऊ लागल्या. मामलतदाराने पुण्यात जास्त रक्कम कबूल करायची आणि ती परगण्यातल्या रयतेकडून काढायची. एल्फिन्स्टनने १८१९च्या आपल्या अहवालात या पद्धतीचे रयतेवर काय परिणाम झाले ते नोंदवून ठेवले आहे. यातली मेख अशी की लिलावाच्या दिवशी स्पर्धा अगदी खरी होती. चार जण बोली लावत होते. पण ती स्पर्धा रयतेची सेवा करण्यासाठी नव्हती, रयत कोणाच्या हाती द्यायची यासाठी होती. लिलाव संपला की स्पर्धाही संपली.

कळव्यात जे आहे त्याला करारात 'वितरण फ्रँचायझी' म्हणतात. मराठीत त्याला मक्ता म्हणायला माझी हरकत नाही, आणि त्या शब्दात मी काही शिवी दिली असे कोणी समजू नये. ही पद्धत नीट समजून घेण्यासारखी आहे. वितरणाचा परवाना महावितरणचाच राहतो. तुम्ही-आम्ही कागदोपत्री महावितरणचेच ग्राहक असतो आणि विजेचा दरही तोच, जो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग महावितरणसाठी ठरवतो. फ्रँचायझी घेणारी कंपनी त्या भागात येणारी वीज महावितरणकडून ठरलेल्या भावाने विकत घेते. हा जो घाऊक भाव, त्याचीच बोली लागते. जास्त भाव देईल त्याला भाग मिळतो. मग तारा, रोहित्रे, मीटर, वसुली ही सारी जबाबदारी त्या कंपनीची. शंभर युनिटे आत आली आणि साठांचेच पैसे जमा झाले, तर उरलेल्या चाळीस युनिटांचा तोटा तिचा. ऐंशींचे जमा झाले तर वरचा फायदा तिचा.

यातून कंपनी काय करील, हे सांगायला ज्योतिषी नको. ती गळती बंद करील. आकडे काढील, जुने मीटर बदलील, थकबाकीदाराची जोडणी तोडील. भिवंडीत नेमके हेच झाले. देशातली अशी पहिली मोठी फ्रँचायझी २६ जानेवारी २००७ रोजी भिवंडीत सुरू झाली, तीही टोरेंटचीच. यंत्रमागांच्या त्या शहरात तेव्हा पुरवलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक विजेचे पैसे येतच नव्हते. काही वर्षांतच हे प्रमाण वीस टक्क्यांच्या खाली आले. नवी रोहित्रे बसली, भारनियमनही कमी झाले. हे मान्य केलेच पाहिजे. जी वीज चोरीला जात होती, तिचा भुर्दंड प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्यांवरच पडत होता.

पण या साऱ्यात स्पर्धा कुठे आली? ती निविदा उघडण्याच्या दिवशी होती. त्यानंतर ग्राहकासमोर एकच खिडकी. मीटर जलद पळतो असे वाटले तर तपासणीचा अर्ज त्याच खिडकीवर, बिल चुकले तर तक्रार आधी त्याच खिडकीवर. भिवंडीचा पहिला करार दहा वर्षांचा होता. तो २०१७ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी वाढवला गेला. अर्थशास्त्रात 'बाजारासाठी स्पर्धा' आणि 'बाजारातली स्पर्धा' असा भेद करतात. इंग्लंडमध्ये एडविन चॅडविकने १८५९ साली तो मांडला. अमेरिकेत हॅरॉल्ड डेमसेट्झने १९६८ मध्ये याच विचाराचा पुढे पाठपुरावा केला. त्याचे म्हणणे असे की एकच दुकान असणे अटळ असेल तर निदान ते दुकान चालवण्याच्या हक्काचा लिलाव करा, म्हणजे स्पर्धेचा बराचसा फायदा मिळतो. ऐकायला छान आहे. फक्त डेमसेट्झच्या मांडणीत जो ग्राहकाला सर्वांत कमी दर देईल त्याला काम द्यायचे होते. आपल्या निविदेत जो महावितरणला सर्वांत जास्त भाव देईल त्याला काम मिळते. लिलावाचा फायदा महावितरणच्या तिजोरीला होतो. ग्राहकाला झालाच तर आडवळणाने होतो.

शिवाय लिलाव जिंकणारा नेहमी तरतोच असेही नाही. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, २०११ मध्ये जीटीएलकडे गेले आणि २०१४ मध्ये करार मोडला. जळगाव त्याच वर्षी क्रॉम्प्टन ग्रीव्हजकडे गेले, २०१५ मध्ये परत आले. नागपुरात २०११ मध्ये स्पॅन्को आली, पुढच्याच वर्षी तिची जागा एस्सेलने घेतली, आणि २०१९ मध्ये सगळा कारभार पुन्हा महावितरणच्या गळ्यात पडला. बोलीच्या दिवशी फुशारकीने वर चढवलेला भाव पुढे पेलत नाही, हे बाजीरावाच्या मामलतदारांनाही कळून चुकले होते.

यावर कोणीही विचारील की मग दोन कंपन्यांना तारा टाकू द्या ना. एका गल्लीत दोन वाणी असतात, तशा दोन वीज कंपन्या का नसाव्यात? कारण तार म्हणजे वाणसामान नव्हे. समजा, मनीषानगरच्या एका गल्लीत शंभर घरे आहेत आणि तिथवर तारा, खांब, रोहित्र नेण्याचा खर्च ठरलेला आहे. एकच कंपनी असेल तर तो खर्च शंभर घरांत वाटला जातो. दोन कंपन्यांनी स्वतंत्र तारा टाकल्या आणि घरे निम्मी-निम्मी वाटली गेली तर प्रत्येक घराच्या वाट्याला दुप्पट खर्च येतो. स्पर्धा वाढली आणि वस्तू महागली! म्हणून वीज, पाणी, रेल्वेमार्ग यांना 'नैसर्गिक मक्तेदारी' म्हणतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई-ठाण्याची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, ते आठवत असेल. बिघाड पडघा आणि कळवा यांच्या दरम्यानच्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांमध्ये झाला होता. त्या दिवशी टाटांचा ग्राहक, बेस्टचा ग्राहक आणि टोरेंटच्या भागातला ग्राहक सारखेच अंधारात बसले. दुकानांवरच्या पाट्या वेगळ्या होत्या, तार मात्र एकच होती.

म्हणून जगात अनेक ठिकाणी दुसरा तोडगा काढला गेला. तार एकाची, तिच्यावरून वीज विकणारे अनेक. ब्रिटनमध्ये १९९९पासून घरगुती ग्राहक आपला वीज विक्रेता बदलू शकतो. आपल्याकडे हे घडले ते मुंबईच्या उपनगरांत, आणि ती हकिगत कळव्याच्या माणसाने लक्षपूर्वक ऐकावी अशी आहे. उपनगरांत पूर्वी बीएसईएस होती, २००३ मध्ये ती रिलायन्सकडे गेली, २०१८ पासून तिथे अदानी आहे. पण टाटा पॉवरचाही जुना परवाना त्या भागात होता. त्या परवान्याने टाटांना किरकोळ ग्राहकांना वीज विकता येते की नाही, यावर वर्षानुवर्षे कोर्टबाजी झाली. जुलै २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, येते. ऑक्टोबर २००९ मध्ये नियामक आयोगाने रिलायन्सच्या तारांवरून टाटांची वीज घेण्याची मुभा दिली. टाटांचा दर तेव्हा कमी होता. लोकांनी अर्ज भरले आणि पुढच्या काळात काही लाख ग्राहक इकडून तिकडे गेले.

खरी परीक्षा त्यानंतर आली. विजेच्या दरात एक जुनी तडजोड दडलेली असते. जास्त वीज वापरणारे, दुकाने, कारखाने यांना जास्त दर लावायचा आणि त्यातून लहान ग्राहकाचा दर खाली ठेवायचा. मोठे ग्राहक स्वस्त कंपनीकडे निघून गेले की उरलेल्या लहान ग्राहकांचे ओझे कोणी उचलायचे? २०११ मध्ये आयोगाने बदलून गेलेल्या ग्राहकांवर क्रॉस सबसिडीचा अधिभार लावला. मलई टाटांनी वेचून घेतली, आमच्याकडे ताक ठेवले, अशी रिलायन्सची तक्रार होती, आणि २०१२ मध्ये आयोगाला त्यावरही आदेश काढावा लागला. म्हणजे दोन विक्रेते आले, स्पर्धा आली, निवडही आली. सोबत एक तिसरा माणूस कायमचा बसवावा लागला. कोणाचा भार कोणावर, हे ठरवणारा पंच. तो नसता तर स्पर्धेचा फायदा मोठ्या बंगल्यांना झाला असता आणि बिल चाळींना आले असते.

हीच गोष्ट आता आपल्या दारात आली आहे. २०२२ मध्ये अदानी समूहाच्या कंपनीने भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरण या पट्ट्यात समांतर परवान्यासाठी आयोगाकडे अर्ज केला. २००३च्या वीज कायद्याच्या कलम १४ मध्ये तशी सोय आहे. या अर्जाविरुद्ध राज्यातल्या तिन्ही सरकारी वीज कंपन्यांचे कर्मचारी ४ जानेवारी २०२३ रोजी संपावर गेले. सरकारशी बोलणी झाली आणि त्याच दिवशी संप मागे घेतला गेला. कर्मचाऱ्यांना नोकरीची धास्ती होती, ती स्वाभाविक आहे. माझी काळजी वेगळी आहे. हा पट्टा म्हणजे महावितरणच्या घरातली कमावती मुले. कारखाने, मॉल, आयटीच्या इमारती, वेळेवर बिल भरणाऱ्या सोसायट्या. यांच्याकडून येणाऱ्या जास्त दराच्या पैशावर विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतीपंपांचा दर खाली राहतो. समांतर कंपनीने या पट्ट्यात सर्वांना मागेल त्याला जोडणी दिली तर गोष्ट वेगळी. पण ती पारसिकच्या डोंगरावरच्या वस्तीत आधी तार नेईल की घोडबंदर रस्त्यावरच्या टॉवरमध्ये, याचे उत्तर बालवाडीतले मूलही देईल.

तारेचे असे. पण जिथे तार नाही तिथे काय? तिथे तरी खुला बाजार स्पर्धा जगवतो का? मोबाइलचे उदाहरण यासाठी सर्वांत चांगले, कारण त्यात खुल्या बाजाराचे सगळे गुण आणि सगळे अवगुण पंचवीस-तीस वर्षांत आपल्या डोळ्यांसमोर घडले. १९९५ मध्ये मुंबईत मोबाइल आला तेव्हा परवाने दोनच कंपन्यांना होते. मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर पडे आणि येणाऱ्या कॉललाही पैसे. तिसरा परवाना सरकारच्याच महानगर टेलिफोन निगमकडे होता. त्यांनी २००१ मध्ये 'डॉल्फिन' आणला, मग चौथी कंपनी आली आणि दर जे घसरत गेले ते घसरतच गेले. २००३ पासून येणारा कॉल फुकट झाला. इथे लक्षात घ्या की भाव पाडणाऱ्यांत एक सरकारी कंपनी होती. खासगी म्हणजे स्पर्धा आणि सरकारी म्हणजे मक्तेदारी, हे समीकरण इतके सोपे नाही.

मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली. कॉल फुकट, सुरुवातीचे काही महिने इंटरनेटही फुकट. एअरटेलने स्पर्धा आयोगाकडे धाव घेतली की हा तर प्रतिस्पर्ध्याला मारण्यासाठी तोट्यात विकण्याचा प्रकार आहे. जून २०१७ मध्ये आयोगाने तक्रार फेटाळली. कारण वाचण्यासारखे आहे. आपल्या कायद्यात तोट्यात विकणे हा गुन्हा तेव्हाच ठरतो, जेव्हा विकणारा त्या बाजारात आधीच बलाढ्य असतो. नवा आलेला गडी बलाढ्य कसा असेल? कायद्याच्या भाषेत हे बरोबर आहे. पण ज्याची थैली दुसऱ्या धंद्यात भरलेली आहे, तो या धंद्यात पहिल्या दिवशी नवखा असला तरी दुबळा नसतो. कायदा दंड मोजतो, थैली मोजत नाही. पुढच्या दोन वर्षांत रिलायन्स कम्युनिकेशन्सचे कॉल बंद पडले, एअरसेल दिवाळखोरीत गेली, टाटा आणि टेलिनॉर यांचे मोबाइल एअरटेलमध्ये गेले, व्होडाफोन आणि आयडिया एकमेकांच्या आधाराने उभे राहिले. देशात खासगी कंपन्या उरल्या तीन.

ग्राहकाचे यात नुकसान झाले का? प्रामाणिकपणे सांगायचे तर बरीच वर्षे झाले नाही. कळवा नाक्यावरचा भाजीवाला मोबाइलवर पैसे घेतो, त्याची मुलगी मोबाइलवर अभ्यास करते, हे त्या स्वस्त इंटरनेटमुळेच. पण जून २०२४च्या शेवटच्या आठवड्यात काय झाले ते पाहा. जिओने दरवाढ जाहीर केली. दुसऱ्या दिवशी एअरटेलने केली. त्यानंतर व्होडाफोन-आयडियाने. काही योजनांत वाढ वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरात होती. तिघांनी बंद खोलीत बसून ठरवले, असे मी म्हणत नाही आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. तीनच दुकाने असली की बैठक घ्यावी लागत नाही, शेजाऱ्याच्या पाटीवरचा भाव पाहिला की पुरते. आणि तिसरे दुकान मिटू नये म्हणून शेवटी सरकारलाच पुढे यावे लागले. व्होडाफोन-आयडियाकडचे सरकारी येणे समभागांत बदलता बदलता २०२५ मध्ये त्या कंपनीत सरकारचा वाटा सुमारे ४९ टक्के झाला. स्पर्धा टिकवण्याची किंमत तुमच्या-माझ्या करातून गेली, ती आपल्या बिलात दिसत नाही इतकेच.

याच्याही आधीची एक गोष्ट आहे, जी आज फार कोणाला आठवत नाही. १९७७ मध्ये कोकाकोला देशाबाहेर गेली आणि पार्लेच्या थम्सअप, लिम्का, गोल्ड स्पॉट यांनी बाजार व्यापला. मध्यंतरी पेप्सी आली, आणि १९९३ मध्ये कोकाकोला परतली. आता काय चुरस होईल, असे आम्हाला वाटत होते. कोकाकोलाने चुरस केली नाही. तिने थम्सअपच विकत घेतले, लिम्का आणि गोल्ड स्पॉटसकट. त्याच सुमारास साबणाच्या धंद्यात टाटांची टॉम्को हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली. हमाम साबण लिव्हरचा झाला. कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, १९९४ मध्ये न्यायालयाने विलीनीकरण कायम ठेवले. १९६९च्या मक्तेदारी नियंत्रण कायद्यात अशा विलीनीकरणाला सरकारची आगाऊ परवानगी लागे. ती अट १९९१च्या सुधारणांत काढून टाकली होती. नव्या स्पर्धा कायद्यातली विलीनीकरणाची तपासणी सुरू झाली जून २०११ मध्ये. मधली वीस वर्षे दाराला कडीच नव्हती. बाजार खुला केला आणि पंचाला रजेवर पाठवले, हा त्या धोरणातला सर्वांत मोठा दोष होता, असे माझे मत आहे. खुल्या बाजाराचा समर्थक असलेला माणूसही हे मत मान्य करील, कारण ज्याला स्पर्धा हवी आहे त्याने प्रतिस्पर्धी विकत घेण्यावर लक्ष ठेवलेच पाहिजे.

म्हणून १९९१ पूर्वीचा काळ चांगला होता असे मात्र कोणी म्हणू नये. त्या काळच्या परवाना पद्धतीचा मासला आपल्या आकुर्डीत होता. बजाजची स्कूटर हवी तर वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. लग्न ठरले की आधी स्कूटरची पावती शोधायची, असा तो जमाना. कंपनी म्हणे, आम्हाला जास्त स्कूटर बनवू द्या. सरकार म्हणे, तुम्ही जास्त बनवल्यात तर मक्तेदारी होईल. मक्तेदारी रोखण्यासाठी उत्पादन रोखले, उत्पादन रोखल्यामुळे टंचाई झाली आणि टंचाईमुळे मक्तेदारी पक्की झाली. ज्याच्या हाती कागद होता त्याला बाजारात कोणाची भीती उरली नाही. आपल्या डोंबिवलीजवळ प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. पद्मिनीसाठीही लोकांनी अशीच वाट पाहिली. मारुती १९८३ मध्ये आली आणि पुढे बाजार खुला झाल्यावर हे सारे राज्य काही वर्षांत ओसरले. आज त्या भागात प्रीमियर कॉलनी हे नाव राहिले आहे.

तेव्हा 'खुला बाजार स्पर्धा मारतो का' या प्रश्नाला माझे उत्तर असे, की स्पर्धेत उतरलेल्या प्रत्येकाला शेवटी स्पर्धाच नकोशी असते. तो काही त्याचा दुष्टपणा नव्हे. शर्यत जिंकायची म्हणजे मागे कोणी उरू नये असेच वाटणार. १९११ मध्ये अमेरिकेने स्टँडर्ड ऑइलचे ३४ तुकडे केले, ते तिथे खुल्या बाजाराचा द्वेष होता म्हणून नव्हे. आपल्याकडे २०१२ मध्ये स्पर्धा आयोगाने अकरा सिमेंट कंपन्यांना संगनमताबद्दल सहा हजार तीनशे कोटींच्या आसपास दंड ठोठावला. कागदावर अकरा दुकाने होती, आयोगाच्या मते ती एकच होती. २०१५ मध्ये अपिलात तो आदेश रद्द झाला, २०१६ मध्ये आयोगाने फेरसुनावणी करून पुन्हा दंड लावला, २०१८ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो उचलून धरला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेवढ्या वर्षांत ज्याने घर बांधले त्याने सिमेंट त्याच भावाने घेतले.

विजेपुरते बोलायचे तर आपल्या हातात एक कागद आहे आणि तो आपण वापरत नाही. २००३च्या कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे दर ठरवण्याआधी आयोगाला लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घ्याव्या लागतात. त्यासाठी वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते. बारीक टाइपात, आकड्यांच्या तक्त्यांसह, विवाहविषयक जाहिरातींच्या आसपास कुठेतरी. पुण्याची 'प्रयास' ही संस्था आणि मुंबई ग्राहक पंचायत या सुनावण्यांना वर्षानुवर्षे जात आल्या आहेत. एन्रॉनच्या करारातले गणित 'प्रयास'च्या तरुण अभियंत्यांनी बसून सोडवले होते. तो करारही स्पर्धात्मक निविदेविनाच झाला होता, आणि वीज घेतली नाही तरी मोठा स्थिर आकार मोजायचा अशी त्याची अट होती. २००१ मध्ये मंडळाने ती वीज घेणे थांबवले तोवर व्हायचा तो खर्च झाला होता.

कळव्यातून सुनावणीला कोणी गेले तर विचारण्यासारखे प्रश्न अगदी साधे आहेत. यंदा आमच्या भागातली गळती किती? कंपनी महावितरणला युनिटमागे काय भाव देते? गळती कमी झाल्याने वाचलेल्या पैशांतले किती महावितरणच्या दरात उतरले? नवी रोहित्रे कोणत्या वस्तीत बसली? समांतर परवाना दिलाच तर पहिली जोडणी कोणाला आणि शेवटची कोणाला? करार २०४० पर्यंतचा आहे. त्यात मुदत वाढवण्याचे कलम असेल तर ते कोणते, हेही आत्ताच वाचून ठेवलेले बरे.